धाट बुडालं तेव्हा

रविवार, १२ ऑक्टोबर. मुखेड.

पोळ्याला अण्णांच्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून तोंडातून एक शब्द न्हाई. आज त्यांना ऑटोत बसवून तळ्यावर नेलं. पाणी आता निवळलंय. गळाला कणिक लावली आणि दोरीला ज्वारीच्या धाटाचा तुकडा बांधला, लहानपणी त्यांनीच शिकवलं तसं. तासभर दोघंही त्या तरंगत्या धाटाकडं बघत बसलो. उगाच आणलं का ह्यांना? तेवढ्यात धाट बुडालं.

"वढ," अण्णा म्हणाले.

मी गळ सोडून त्यांच्या तोंडाकडंच बघत राहिलो. मासा कणिक खाऊन गेला. धाट पुन्हा वर आलं.

"गाढवा." अगदी स्पष्ट.

घरी आईनं रिकामी पिशवी बघितली. म्हणलं, अण्णांनी मला गाढव म्हणलं.

तिनं गॅस बंद केला. "परत सांग," म्हणाली.