साखराबाईच्या पाटाचा खर्च

साखरा पोरी,

तू पाण्याला गेलीस तेवढ्यात लिहितो आहे. समोर बसून मला हे सांगता आलं नसतं. माझ्या लेकानं, मल्हारीनं, जाण्याआधी तुला वाचायला शिकवलं, ते आज उपयोगी पडलं.

वाटूरच्या धुळाजीनं तुझ्यासाठी विचारलं आहे. त्याची बायको वारली, लहान मुलगी आहे. माणूस मला बरा वाटला. पण माणसं ओळखण्यात मी चुकतो, म्हणून आज त्याचं घर बघायला चाललो आहे. तुझं कळल्याशिवाय शब्द देणार नाही.

खर्चाची काळजी नको. दोन मेंढ्या विकून एक लुगडं, हिरवा चुडा आणि पंचवीस माणसांना गुळाची लापशी एवढं होईल. शेजारच्या बायनाबाईला विचारलं तर हसून म्हणाली, "आबा, दुसरेपणाचा पाट अंधारात चुपचाप उरकतेत. हलगीचा खर्चा कशाला?" तरी हलगी मी सांगणार, आणि पाट भर दिवसा लावणार. तू काही चोरी करत नाहीस.

तुमच्या लग्नात मल्हारीनं केलेलं डोरलं मोडू नको. तुझ्याजवळच राहू दे.

तुझं हो की नाही ते बायनाबाईजवळ सांग. उद्या आलो की तिला विचारीन. नाही म्हणालीस तर विषय संपला. फक्त माझ्याकडे बघून नाही म्हणू नको. तू रानात असतेस तेव्हा मी भाकरी थापून बघतो. करपते, पण खाता येते.

— मामा