ओळखीचं कुणी?

शुक्रवार, संध्याकाळ. एडिसन, न्यू जर्सी.

आज तिन्ही क्रेडिट कंपन्यांकडे माझं क्रेडिट फ्रीज केलं, म्हणजे आता माझ्या नावावर कुणाला नवं कार्ड किंवा कर्ज काढता येणार नाही. मला न सांगता माझ्या नावावर काढलेल्या क्रेडिट कार्डावर पत्ता निनादचा, माझ्या नवऱ्याच्या, समीरच्या सख्ख्या भाच्याचा. बँकेतल्या बाईने फोनवर विचारलं, ओळखीचं कुणी आहे का? मी नाही म्हटलं. का म्हटलं?

निनाद पुण्याहून आला तेव्हा आमच्याच बेसमेंटमध्ये राहायचा. त्याला आमच्या फोन प्लॅनमध्ये घ्यायचं म्हणून माझा सोशल सिक्युरिटी नंबर, ज्यावर इथे कार्डही निघतं, मीच त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. घरचाच ना!

"फ्रीज केलंस ना? मग आता ताईला काही कळवू नकोस," समीर म्हणाला. ताई म्हणजे निनादची आई.

तेवढ्यात निनादचाच फोन. "मामी, उद्या येतोय. साबुदाणा वडे करशील?"

ओळखीचं कुणी आहे का?

"ये," म्हटलं. बेल वाजवायचीही गरज नाही. बेसमेंटची किल्ली अजून त्याच्याकडेच आहे.