पोपट माशांची वाळू

लखदीव बेटे
ता. ४ ऑक्टोबर १९७२

तीर्थरूप आबांच्या चरणी कानिफनाथचा शि. सा. न. वि. वि.

मत्स्य खात्याच्या बोटीने सुखरूप पोहोचलो. इथली जमीन समुद्रावर जेमतेम दोन पुरुष उंच, तरी लोक निवांत झोपतात. पोवळ्यांच्या खडकांत पिवळे, जांभळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे फिरतात, त्यांची नोंद करणे हे माझे काम. पोपट मासा तर चोचीने खडक कराकरा चावतो आणि मागून पांढरी वाळू टाकतो. गावचे वडीलधारे कोयाकाका म्हणतात, अर्धे बेट त्याच वाळूचे आहे.

आमच्या आळीच्या विहिरीत हातभरच पाणी आहे. कोयाकाका खणू नको म्हणाले, पण मी तुमचा मुलगा. उद्या दोन हात खाली उतरतो.

मायेत अंतर नसावे, ही विनंती.

आपला कानिफ


श्रीगोंदा
ता. १९ ऑक्टोबर १९७२

चि. कानिफ यास आबाचा आशीर्वाद.

तुजी आई लई हसली. दगड खानारा मासा हिकडं धाड म्हनली, दुष्काळी कामावर खडी फोडायला हुईल. विहिरीचं बेस केलंस. मी तालुक्यात पंचवीस विहिरी खोल नेल्या, खाली गेल्याबिगर पानी न्हाई. आपल्या विहिरीतबी चाळीस फुटांवर पहार चाललीय.

जिवाला जप.

आबा


लखदीव बेटे
ता. ८ नोव्हेंबर १९७२

ती. आबांस सा. न. वि. वि.

विहीर मी नासवली. दोन हात उतरलो, पाणी भसाभस वर आले आणि तिसऱ्या दिवशी खारट झाले. इथे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर पातळ थराने तरंगते. कोयाकाका तेच सांगत होते, मी ऐकले नाही. नऊ घरांच्या बायका आता बेटाच्या टोकापासून घागरी वाहतात. जानेवारीअखेरच्या बोटीने परत जा, असा गावाचा निरोप आला आहे. मला जायचे नाही, आबा. फार लाज वाटते. काय करू ते कळवा.

आपला कानिफ


श्रीगोंदा
ता. २२ नोव्हेंबर १९७२

चि. कानिफ यास आशीर्वाद.

चूक निम्मी माजी. खाली उतरायचं शिकवलं, थांबायचं न्हाई शिकवलं. दोन दिस पहार बाजूला ठिवून इचार केला. वर तरंगतं ते गोडं पानी म्हंजे दुधावरची साय, ती तू फोडलीस. तवा जेवढं उकरलं तेवढं भर. काठावर टाकलेली माशाची वाळू पावसानं धुतली असंल, तीच घाल. मग सहा आठवडे कुनाला पोहरा सोडू देऊ नगं. पर आधी कोयाकाकांची माफी माग, मगच फावडं उचल. भिऊ नगं, हुतंय सगळं.

तुजा आबा


लखदीव बेटे
ता. २४ जानेवारी १९७३

ती. आबा व सौ. आईस सा. न. वि. वि.

माफी मागितली. कोयाकाका दुसरे फावडे घेऊन आले, दोघांनी मिळून वाळू भरली. सहा आठवडे विहिरीवर नारळाच्या झावळ्या टाकून ठेवल्या. काल पहिला पोहरा त्यांनीच काढला, चूळ भरली आणि उरलेले माझ्या ओंजळीत ओतले. गोडे आहे, आबा. पूर्वीइतकेच, हातभर. मी तिथेच बसून रडलो. बोटीचा निरोप गावाने मागे घेतला.

तुमचे पत्र मी त्यांना मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितले. समुद्र न पाहिलेल्या माणसाला हे कसे उमगले, म्हणून ते तुम्हांला भेटायला उत्सुक आहेत. आईला घेऊन या, पोपट मासा ते स्वतः दाखवणार आहेत. अट एकच घातली आहे, पहार श्रीगोंद्यालाच ठेवून यायची.

वाट पाहतो.

आपला कानिफ