सतरा नंबरचं टक्कल

११ नोव्हेंबर, सॅन मार्टिन
आज जमिनीचे शब्द द्यायचा-घ्यायचा दिवस, म्हणून रेन्झोने जेवण संपायचीही वाट बघितली नाही. म्हणाला, "आई, आठ वर्षं झाली. वरच्या तुकड्यात हेझलची चोवीस झाडं उभी आहेत आणि खाली ट्रफल एक नाही. मी तिथे द्राक्षं लावतो." मी म्हटलं, "लाव की. माझ्या मढ्यावर लाव." मग जरा आवाज चढले. सून मधे पडली आणि ठरलं ते असं. माझी नात नोएमी, तिच्या बाळाचा बाप्तिस्मा दोन फेब्रुवारीला आहे. त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर माझ्या झाडाखाली मातीत धरलेला ट्रफल, ती सोन्याच्या भावाची घमघमती बुरशी, आला, तर झाडं राहतील. नाही आला तर मार्चमध्ये ट्रॅक्टर. हातात हात दिला. सॅन मार्टिनला दिलेला हात मोडत नाहीत.
मला कसली भीती? झाडं बघा माझी!
म्हणून आजपासून लिहायचं ठरवलं. ही वही नोएमीची, चौथीतली. मागची पानं कोरी होती. मी तिसरीपर्यंत शिकले, म्हणजे वही माझ्यापेक्षा एक यत्ता पुढे आहे.

१२ नोव्हेंबर, सकाळी सात
प्लॅन केला. एक, खत वाढवायचं. दोन, आमच्या बिर्बा कुत्रीला ट्रफल हुंगायला शिकवायचं. तीन, रेन्झोशी बोलायचं नाही.
आठ वाजता तिसरा मोडला. मफलर न घालता निघाला होता.

१३ नोव्हेंबर
कोंबडीखत, चौदा पाट्या. कंबर गेली.
रोपं आणली तेव्हा नर्सरीवाल्याने एक कागद दिला होता. मुळांना ट्रफलची बुरशी आम्हीच लावून दिलीय, पुढे काय करायचं ते यात आहे म्हणाला. बारीक अक्षरं. मी तीन पोरं वाढवली तेव्हा कुठल्या नर्सरीने कागद दिला होता? पोटभर घातलं, वाढली. रेन्झो तर दारात वाकून येतो. कागद चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये अंथरला. मापात बसला, एक कातर मारावी लागली नाही.

२१ नोव्हेंबर
सेवेरिनो भावजी आले होते. आमच्या ह्यांचे जिवाभावाचे मित्र. हे गेल्यापासून तेच काय ती विचारपूस करतात. आयुष्यभर ट्रफल शोधत रानं तुडवली, आणि त्यांचा तो मोरो कुत्रा तर त्यांच्याहून म्हातारा दिसतो. कुंपणाशी उभे राहून किती वेळ बघत होते. म्हणाले, "वहिनी, झाडाखाली असं गवत अख्ख्या लांगेच्या डोंगरांत कुठे नाही हो. हेच ठेवा. खत चालू ठेवा." बघा! जाणता माणूस सांगतोय. रेन्झोने ऐकायला हवं होतं.
एकाच झाडाची मला लाज वाटते. सतरा नंबर. ते खाली उताराच्या टोकाला आहे, पाटी घेऊन माझा गुडघा तिथवर उतरत नाही. आठ वर्षांत त्याला माझ्या हातचं काही मिळालं नाही, आणि दिसतंच ते. बुंध्याभोवती गोल टक्कल पडलंय, काडी नाही गवताची, जणू कुणी आधण ओतलं. पाहुण्यांना मी तिकडे नेत नाही.
भावजी देवमाणूस. तीन हिवाळे झाले, आपणहून म्हणाले, "वहिनी, त्या आजारी झाडाचं मी बघतो, तुम्ही गुडघ्याला त्रास देऊ नका." फाटकाची किल्लीच देऊन टाकलीय त्यांना. धुकं असो, दंव असो, उजाडता उजाडता मोरोला घेऊन हजर. आपल्या सख्ख्यांनी तरी केलं असतं का? जाताना डझनभर अंडी दिली. नको नको म्हणत घेतली.

५ डिसेंबर
बिर्बाचं ट्रेनिंग. ट्रफल घरात नाही म्हणून गोर्गोन्झोला चीजच्या साली पुरल्या. वास काय कमी आहे? सातपैकी सात शोधल्या!! खाल्ल्याही. हुशार आहे.

६ डिसेंबर
आज बिर्बाने पुरलेल्या पाच आणि न पुरलेली एक शोधली. न पुरलेली माझ्या एप्रनच्या खिशात होती.

८ डिसेंबर
आज सणाची पहिली प्रार्थना चर्चमध्ये, बाकावर भावजी शेजारी बसले. कोटाला ट्रफलचा असा घमघमाट की माझं प्रार्थनेत लक्ष लागेना. बुटांना पांढरी माती, अगदी आमच्या वरच्या तुकड्यासारखी. म्हणजे दूर कुठल्या तरी रानात आमच्यासारखीच जमीन आहे, आणि हा माणूस या वयात तिथवर चालत जातो. मी हळूच विचारलं, "कुठे सापडतात हो?" म्हणाले, "वहिनी, लांब. फार लांब." आमच्या डोंगरावर कुणी जागा सांगत नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, मरताना पाद्रीलाही नाही. आमचे हे म्हणायचे, ट्रफलवाल्याने जागा सांगितली तर समज, तिथे आता काही उरलं नाही. पण मला त्यांनी निदान लांब आहे एवढं तरी सांगितलं. विश्वास लागतो त्याला.
पाय शेकायला मिठाची पुरचुंडी करून पाठवली.

२६ डिसेंबर
रेन्झो सणाच्या दुसऱ्याच दिवशी टेप घेऊन वर गेला आणि द्राक्षांच्या ओळी मोजून खुंट्या ठोकून आला. बावीस खुंट्या.

२७ डिसेंबर
बावीस खुंट्या उपटल्या. घेवड्याच्या वेलांना कामाला येतील.

६ जानेवारी
नोएमीचा तोरिनोहून फोन. "आजी, ट्रफल मिळाला का? नाही मिळाला तर मी बाजारातून आणते, बाबांना कशाला कळतंय?" मी म्हटलं, "पोरी, आजीला फसवाफसवी शिकवू नकोस. माझी झाडं आहेत, मला ठाऊक आहे." फोन ठेवल्यावर वाटलं, कुठल्या दुकानातून आणणार होती ते विचारायला हवं होतं. नुसतं माहिती म्हणून.

१७ जानेवारी
सान्त आन्तोनियो, जनावरांच्या आशीर्वादाचा दिवस. गायी, गाढवं, एक कासवसुद्धा होतं. बिर्बाला अंघोळ घालून नेलं. पाद्रीबाबांनी पवित्र पाणी शिंपडलं आणि हिने त्यांच्या झग्यात तोंड खुपसून खिशातला चीजचा तुकडा काढला. लोक हसले. हसू देत. नाक तयार आहे, आता फक्त वाण बदलायचा आहे.

२५ जानेवारी, साडेदहा
मिळाला!! चार नंबरखाली! बिर्बाने उकरला. काळा, गोल, लिंबाएवढा! घाईत लिहितेय, अक्षर बघा. रेन्झोला हाक मारते.

पावणेअकरा
चेंडू आहे. नोएमी सहा वर्षांची असताना हरवला होता. तिला किती आनंद होईल.
रेन्झोने नुसता चेंडू दोनदा टप्पा मारून पाहिला.

१ फेब्रुवारी
काल रात्रभर मनात आलं, उद्या अठरा माणसं झाडं बघायला येणार आणि ते सतरा नंबर तसंच टकलं. आईने एका लेकरावर असा अन्याय करावा? ठरवलं. पाट्या घेऊन उतरता येत नाही ना, मग खताची पोती पाठीमागे ओढत मीच बसून घसरत गेले! गुडघा वाकवावा लागतच नाही. आठ वर्षं हे सुचलं कसं नाही? चार पोती. कुदळीने टक्कल वीतभर खोल खणलं, खत मिसळलं, वर गवताचं बी. चढून येताना बिर्बाने स्कर्टला धरून ओढलं. खाली कसला तरी छान वास सुटला होता, मातीचा, ओला. झाडाला बरं वाटलं असणार.
चोवीसही आता सारखी. आज झोप लागेल.
ट्रफल अजून नाही. उद्या सकाळी मिळेल. मला ठाऊक आहे.

२ फेब्रुवारी, कांदेलोरा, मेणबत्त्यांचा सण. संध्याकाळ
बसते आणि नीट लिहिते.
सकाळी ट्रफल मिळाला नाही. मिळायला वेळच कुठे होता? तीस बलकांच्या तायारिन शेवया कापायच्या होत्या.
बाळाने बाप्तिस्म्यात हूं की चूं केलं नाही. आमच्या ह्यांचं नाक आहे त्याला, तेवढं एक सोडलं तर सुंदर आहे. घरी आलो तर दारात सेवेरिनो भावजी, लग्नातला कोट घालून, हातात रुमाल. रुमालात ट्रफल. माझ्या मुठीएवढा! म्हणाले, "वहिनी, बाळाला." मला भरूनच आलं. मी म्हटलं, "कुठून हो?" म्हणाले, "लांबून." रेन्झो मला म्हणाला, "आई, सुंदर आहे, पण तुझा नाही. शब्द तो शब्द." मी म्हटलं, "तू आधी झाडं बघायला चल. मग बोल." वेळ मारून न्यायची होती, दुसरं काय.
सगळी वर गेली. मी एकेक दाखवत चालले, बघा हे गवत, बघा हा रंग. टोकाशी येऊन म्हटलं, "आणि हे आमचं आजारी बाळ. काल मी स्वतःच्या हाताने खणून खत घातलं. आता लपवायचं काही नाही."
मागून असा आवाज आला की मला वाटलं कुणी पडलं. भावजी. पडले नव्हते, धावत होते. बहात्तर वर्षांचा माणूस, लग्नातल्या कोटात! उतारावर गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी कोंबडीखत उपसायला लागले. "काय केलंत वहिनी! माझी जागा! अहो माझी जागा!"
अठरा माणसं. पाद्रीबाबा धरून. ज्या डोंगरावर मरतानाही कुणी जागा सांगत नाही, तिथे हा माणूस भर दुपारी ओरडून सांगत होता.
मोरो शेजारी बसून होता. तोही दुसरीकडे बघत होता.
रेन्झो हळूच म्हणाला, "काका, किती वर्षं?"
"तीन हिवाळे," भावजी म्हणाले. खाली बघून. मग माझ्याकडे वळून, "वहिनी, टक्कल म्हणजेच ट्रफल हो. तो खाली धरला की वरचं गवत जाळतो. जिथे गवत, तिथे तो नाही."
मी माझ्या तेवीस झाडांकडे बघितलं. हिरवीगार.
नोएमीनेच आधी हसायला सुरुवात केली, मग रेन्झो, मग पाद्रीबाबा खोकल्यात लपवायला लागले. मी म्हटलं, "थांबा! मग स्वयंपाकघरात रुमालात आहे तो कुठला?" भावजींनी मान हलवली. सतराचाच. परवा पहाटेचा, शेवटचा.
"म्हणजे टेबलावर माझ्याच झाडाचा आहे! शब्द तो शब्द!"
रेन्झोने डोळे पुसत हात पुढे केला. द्राक्षं रद्द. फक्त एक अट. पुढच्या सॅन मार्टिनपर्यंत मी झाडांना हात लावायचा नाही. कुठल्याच. त्याने अठरा माणसांसमोर वदवून घेतलं.
ट्रफल लोण्यावर किसला. स्वर्ग. भावजींना अंडी दिली नाहीत. दुसऱ्यांदा शेवया मात्र वाढल्या, एवढ्या लांबून आले होते.

३ फेब्रुवारी
चमच्यांच्या ड्रॉवरमधला कागद काढला. अक्षरं बारीक आहेत, पण पहिली ओळ नाही. पहिली ओळ बोटाएवढ्या अक्षरांत आहे. खत घालू नये.
आठ वर्षं तिच्यावर चमचे ठेवले.
एकूण हिशेब असा की ज्याच्याकडे मी ढुंकून बघितलं नाही, त्या सतरानेच माझी बाग राखली. रेन्झोला हे सांगितलं नाही. त्याला मी खूप खायला घातलंय.

४ फेब्रुवारी
काही केलं नाही.

५ फेब्रुवारी
काही केलं नाही. दमले.

८ फेब्रुवारी
भावजी खत उपसायला येतात, रोज दोन तास. म्हणतात, सतरा आता दोन-तीन वर्षं रुसेल, मग येईल. बाकीच्यांचं देव जाणे. किल्ली परत मागितली नाही. मागायला हवी होती. पण मग त्यांना आत कोण घेणार?
मी खिडकीतून बघते. नुसतं बघण्याला अटीत मनाई नाही.

९ फेब्रुवारी
आजही काही केलं नाही. फक्त चार नंबरला थोडं सूप नेलं. खत नाही ते, सूप आहे. आणि जरासंच. काल वाऱ्यात ते फारच अशक्त दिसत होतं.