नव्या पलटणीची पहिली लढाई

नेवार्क,
१४ नोव्हेंबर

प्रिय क्लाइव्ह,

तब्येत कशी आहे, असं विचारत नाही. तू "उत्तम" म्हणणार आणि ते खरं मानल्याचं नाटक मला करावं लागणार. माझी उत्तम आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याचं ऐकतंय कोण. बागेतली शेवटची सफरचंदं उतरवली, निम्म्यांची चटणी केली आणि एक बरणी तुझ्यासाठी बाजूला ठेवली आहे.

तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा टेसा म्हणाली, "बाबा झोपलेत." सकाळी अकरा वाजता, क्लाइव्ह? तुझ्या लेकीला खोटं बोलता येत नाही, आणि तू मागे खाकरतोस तेही ऐकू येतं. म्हणून हे पत्र. पत्राला झोपलोय म्हणून सांगता येत नाही.

क्लबची खबरबात अशी, की चर्चच्या हॉलचं छप्पर अजून गळतंय. मल्कमला अध्यक्षपद झेपत नाही हे त्याच्याखेरीज सगळ्यांना कळलंय. परवा टेबलावरच्या लढाईत त्याचे शिशाचे रोमन सैनिक पहिल्या अर्ध्या तासात पळाले, तर म्हणतो कसा, फासेच खराब पडले. मी मात्र जोरात आहे. जो समोर येईल त्याला धूळ चारते आहे.

आता मुद्द्याचं. तू मल्कमला निरोप धाडलास, की माझं सैन्य ज्याला हवं त्याला वाटून टाका. त्या बुधवारी मी हॉलमध्ये पोचले, तर तुझी खोकी टेबलावर उघडी, आणि भोवती ही मंडळी फुकटच्या जेवणाला जमल्यासारखी. एकाला घोडदळ हवं, दुसऱ्याला तोफा. खिडकीशी बसून वीस वर्षं तू एकेक माणूस रंगवून उभं केलेलं राजाचं सैन्य असं तुकड्यातुकड्यांनी पाच घरांत चाललं होतं.

"हात मागे," मी म्हणाले.

"अगं ग्लेनिस, त्यानंच सांगितलंय," मल्कम म्हणाला.

"दुसऱ्याच्या सैनिकांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हा नियम याच हॉलचा ना?"

"त्यानं परवानगी दिलीय की!"

"तुला दिली. मी अजून त्याच्याशी बोललेले नाही. उचला खोकी, ठेवा माझ्या गाडीत."

"एवढी माणसं ठेवणार कुठे तू?"

"पाहुण्यांच्या खोलीत. पाहुणे येतायत कुठे माझ्याकडे!"

तर सध्या राजाचं सैन्य पार्लमेंटच्या घरात मुक्कामाला आहे. इंग्लंडच्या यादवीतलं, पावणेचारशे वर्षांपूर्वी मिटलेलं भांडण आपण दर बुधवारी उकरून काढायचो, तू राजाच्या बाजूनं आणि मी पार्लमेंटच्या. टेबलावर मला तुझं सैन्य असं पुरतं कधी पकडता आलं नाही. आता आयतं मिळालं, तर त्यात काही मजा नाही.

सगळ्यात खालच्या खोक्यात ती पांढऱ्या कोटांची पलटण सापडली. नुसता काळा अस्तराचा रंग दिलेली, हातात लांब भाले. फक्त सहा जणांचे चेहरे तू रंगवले होतेस. एकाचा डोळा गालावर उतरलाय, एकाची मिशी कानापर्यंत गेलीय. बोटाच्या दोन पेरांएवढ्या माणसाच्या डोळ्यात उजेडाचा ठिपका देणारा तू! मी खिडकीशी नेऊन भिंगातून पाहिलं आणि मग समजलं. सप्टेंबरच्या कितीतरी आधीपासून तुझा हात थरथरत होता, आणि तू कुणाला बोलला नाहीस. मलाही नाही. मला राग आला, मग रडू आलं, मग पुन्हा राग आला. दुसऱ्या वेळचा राग बरा होता, त्याच्या जोरावर ब्रश धुऊन कामाला बसले.

हो, मी तुझ्या माणसांना न विचारता हात लावला. विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास. पलटण पूर्ण झाली आहे. पांढऱ्या कोटाच्या घड्यांत तुझ्या हट्टाप्रमाणे करडा रंगच भरला. तपकिरी जास्त खुलतो हे माझं मत कायम आहे, पण सैन्य तुझं. भाल्यांच्या तारा बोटांत घुसून घुसून माझी चाळण झाली. झेंडा कागदाचा आहे, ओला असतानाच वळवला, म्हणजे वाऱ्यावर फडकल्यासारखा दिसतो. फक्त ते सहा चेहरे तसेच ठेवलेत. त्यांना मी ब्रश लावला नाही, लावणारही नाही. ते पहिल्या रांगेत आहेत.

आता सप्टेंबरचं बोलू. तू बोलणार नाहीस, म्हणून मी बोलते. तू भालेकऱ्यांना टेकडीवर ठेवत होतास, हात उडाला आणि अख्खी रांग टेबलावरून खाली गेली. लाकडी जमिनीवर शिसं पडल्याचा तो आवाज माझ्याही कानांतून गेलेला नाही. मल्कम म्हणाला, "काही नाही, काही नाही," आणि सगळ्यांनी आपापल्या चहाच्या कपात डोकं घातलं. तू म्हणालास, "माझी बस निघेल," आणि कोट चढवलास. तुझी बस जायला तासभर होता, क्लाइव्ह. मला ठाऊक होतं, कारण दर बुधवारी त्या बसपर्यंत मीच तुला गाडीनं सोडायचे.

त्यानंतर तू लिंकनला लेकीकडे गेलास, आणि आता सैन्यही वाटायला निघालास.

तर मी येते आहे. येत्या रविवारी. घडीचं टेबल, हिरवं कापड, टेकड्या, दोन्ही सैन्यं, सगळं गाडीत घालून. टेसाशी बोलणं झालंय. बघ, तू "झोपलेला" असताना आम्ही बरंच बोलतो. तू खुर्चीत बसून फक्त हुकूम सोडायचे. तुझी माणसं मी हलवीन. तू म्हणशील, ही बया माझं घोडदळ दलदलीत घालणार. नाही घालणार. तू सांगशील तेवढंच आणि तिथंच, भले त्यात माझाच काटा निघो. फासे मात्र तूच टाकायचे. फासे थरथरत्या हातानं जास्त चांगले पडतात, मल्कमला विचार.

मघाशी लिहिलं ना, जो समोर येईल त्याला धूळ चारते आहे? तसं काही नाही. तू गेल्यापासून मी एकही लढाई मांडलेली नाही. बुधवारी जाते, चहा पिते, मल्कमला टोमणे मारते आणि घरी येते. गाडीत तुझ्या बाजूची जागा रिकामी असते आणि ती मला सोसत नाही. मला तुझी फार आठवण येते. आपल्या वयात हे असं कागदावर लिहायला लाज वाटायला हवी, पण वाटत नाही.

आणि एक. नव्यानं रंगवलेली पलटण पहिल्या लढाईत पळतेच, हे क्लबात पोराटोरांनाही माहीत आहे. तुझे ते देखणे निळे कोटवाले आठवतात? सहा महिने रंगवलेस, आणि पहिल्याच माऱ्यात टेबल सोडून गेले. आपण पोट धरधरून हसलो. तू त्यांना पुढच्या बुधवारी पुन्हा उभं केलंस, आणि त्यानंतर त्यांनी मला दहा वर्षं छळलं.

तेव्हा हे पांढरे कोटही रविवारी पळणार. पळू देत. पण क्लाइव्ह, तुझे हे हातही नवेच आहेत. सप्टेंबरात ते पहिल्यांदा टेबलावर उतरले आणि पळाले, एवढंच झालंय. तेवढ्यासाठी आजवर कुणी पलटण वाटून टाकलेली नाही.

रविवारी अकराला येते. जागा राहा.

तुझीच शत्रू,
ग्लेनिस