अंतराळातला रविवार

मुलुंड (पूर्व)
१८ नोव्हेंबर २०२५

श्रुतिका बाय,

कशी आहेस? मी बरा. आईचा गुडघा दुखतो, तोंड मात्र ठणठणीत आहे. परवा नवघर रोडला भाजी घेताना वसुधामावशी भेटल्या. तुझी आई अजून कोथिंबिरीसाठी तशीच भांडते गं! तुझा चेंबूरचा पत्ता त्यांनीच दिला. आधी व्हॉट्सअॅपवरच लिहिलं होतं, पण तू मला ब्लॉक केलंयस हे पाठवल्यावर आठवलं. झकास.

तर बातमी अशी, की आपला अल्बम कोणीतरी ऐकतंय, यार. पोर्तुगालमध्ये एक दाढीवाला छोटीशी रेकॉर्ड कंपनी चालवतो. त्याला 'अंतराळातला रविवार' मोठ्या काळ्या तबकडीवर काढायचाय, तीनशे प्रती. मराठी त्याला ओ की ठो कळत नाही. तरी लिहितो, ही गायिका पृथ्वीपासून लांब लांब चाललीय आणि तिला परत यायचंच नाहीये असं वाटतं. हर्षदला फोन केला, तर आपला ड्रमर म्हणतो, "आठ वर्षं कुठे झोपला होता हा?"

विक्रोळीचा हर्षदच्या मामाचा बंद गाळा आठवतो ना? भिंतींना गाद्या बांधल्या होत्या, आणि माइकमध्ये घरघर येते म्हणून पंखा बंद. तू घामाने निथळत, यान भरकटलेल्या माणसाचं ते चौदा मिनिटांचं गाणं गायचीस आणि मध्येच ओरडायचीस, "सुयोग, इको कमी कर रे, माझंच शेपूट मला ऐकू येतंय!" आपण तिघं तेव्हा किती हसायचो. 'खाडीपार' हे नाव बँडला तूच दिलंस.

लांबण लावतोय मी. कळतंय मला.

दाढीवाल्याने मूळ रेकॉर्डिंग मागितलं. माळ्यावरून जुना कॉम्प्युटर काढला, पहिलं गाणं लावलं. तुझा आवाज आला, मोकळा, वरच्या पट्टीतला. अल्बममधला तो जड, उदास आवाज नव्हेच.

चूक मला त्या दिवशी सापडली, असं लिहिणार होतो. लिहिलंही होतं. तो कागद फाडला. मला हे आठ वर्षांपासून माहीत आहे, श्रुतिका.

गाणी आपण एका सेटिंगवर रेकॉर्ड केली. शेवटी सगळं एकत्र करून बाहेर काढताना मी दुसरंच सेटिंग लावलं. त्यामुळे प्रत्येक गाणं सावकाश झालं आणि पट्टी खाली उतरली. तू पहिल्यांदा ऐकून म्हणालीस, "हा माझा आवाज वाटत नाही." हर्षद म्हणाला, जरा ढिलं वाटतंय. मी दोघांना उडवून लावलं. अल्बम आल्यावर नवव्या दिवशी मला घोळ कळला, पण तोवर लोक त्या उदास आवाजासाठीच वेडे झाले होते. सगळे विचारत होते, मिक्सिंग कोणी केलं? माझं नाव पहिल्यांदाच कोणीतरी घेत होतं गं. मी गप्प बसलो.

मग शो मिळायला लागले आणि आपण गिटार त्या अल्बमलाच जुळवून खाली उतरवली. तू तो आवाज शोधत राहिलीस. ज्येष्ठमध चघळलंस, पहाटे उठून खर्ज लावलास, घसा सोलवटून घेतलास. घाटकोपरच्या घशाच्या डॉक्टरकडे तुझ्याबरोबर मी आलो होतो. नळी घालून बघून ते म्हणाले, काहीच दोष नाही. तू बाहेर येऊन बाकड्यावर बसून रडलीस. "मग माझा तो आवाज गेला कुठे?" असं मला विचारलंस. मी तुला पाण्याची बाटली दिली. उत्तर माझ्याजवळ होतं आणि मी बाटली दिली.

अंधेरीच्या शोतही तो आवाज लागला नाही, आणि त्यानंतर तू गाणं सोडलंस. बँड श्रुतिकामुळे मोडला असं सगळे म्हणाले, आणि मीही मान हलवली. तुझे फोन घेणं बंद केलं, कारण तुझा बोलायचा आवाजसुद्धा मला ऐकवेना.

परवा मावशी म्हणाल्या, गणपतीत आरतीलासुद्धा तू नुसत्या टाळ्या वाजवतेस. मी भाजीची पिशवी तिथेच विसरून घरी आलो.

हर्षदला काल सगळं सांगितलं. त्याने शिव्या घातल्या आणि फोन आपटला. दाढीवाल्यालाही खरं काय ते कळवलंय. आता कोणता आवाज त्या तबकडीवर जाईल, की काहीच जाणार नाही, ते तू ठरवायचं. मला काही कळवलं नाहीस तरी चालेल, थेट त्याला लिही. त्याचा पत्ता मागच्या पानावर आहे.

सोबत पेनड्राइव्ह आहे. त्यात नऊच्या नऊ गाणी आहेत, तू गायलीस त्याच पट्टीत. माफी मागायला मला तोंड नाही, म्हणून मागत नाही. फक्त दार लावून घे आणि एकदा ऐक. आणि ऐकताना, जमलं तर, बरोबर गा. त्या पट्टीत तुझा घसा दुखणार नाही.

तुझ्या आवाजाला कधीच काही झालं नव्हतं हे इतकी वर्षं माहीत असलेला एकटा माणूस,
सुयोग