वाटणीतली पट्टी

खानापूर
३० सप्टेंबर २०२४

चि. केदारीस आक्काचे आशीर्वाद.

काल तू फोन आपटलास आणि तुझा दादा शिवराज तर फोन उचलतच नाही, म्हणून हे पत्र लिहिणं भाग पडलं. व्हॉट्सअ‍ॅपवर मी पानभर लिहिते आणि तू अंगठा पाठवतोस. या पत्राला उत्तर लागेल, आणि तेही शब्दांत.

राणीचं लग्न डिसेंबरात आहे. आपल्या घरातल्या प्रत्येक मुलीचा काठ निराळा आणि तिची लग्नाची साडी घरच्या मागावरची, ही रीत तुझ्या मुलीपाशी मोडावी अशी तुझी इच्छा आहे का? आप्पांनी जाण्याआधी राणीचा काठ स्वतः संगणकावर काढला. तो ना कागदावर आहे, ना कापडावर. वाटणीत तू जी डिस्क निपाणीला घेऊन गेलास फक्त तिच्यावर आहे. आणि तो उघडणारा प्रोग्रॅम वडगावला शिवराजकडे राहिलेल्या डिस्कवर. एका संगणकाची अशी वाटणी करणारी माणसं मी कचेरीतल्या सगळ्या नोकरीत पाहिली नाहीत, आणि तिथे मी बरंच काही पाहिलं आहे.

शिवराजने रिकामी डिस्क दिली, असं तू ओरडून सांगितलंस. संगणकाला डिस्क दिसत नाही म्हणजे ती रिकामी आहे असं नव्हे. वीज बंद कर, वायर भिंतीतून काढ, मग डबा उघड. डिस्कच्या पाठीमागे रुंद चपटी पट्टी बसते. तिची एक कड लाल असते, ती विजेच्या पिनेच्या बाजूला हवी. पट्टी आणि पिन यांच्या मधे बारीक तारांवर एक प्लास्टिकची टोपी आहे, तिला जंपर म्हणतात. तो कुठे बसलाय ते मला लिहून कळव. त्याला हात लावू नकोस. जोर तर कशालाच लावू नकोस.

माझी माया फोन आपटल्याने कमी होत नाही, पण वाढतही नाही, हे ध्यानात असू दे.

तुझी
मंजुश्री


निपाणी
५ ऑक्टोबर

ती. आक्काच्या पायांशी केदारीचा नमस्कार.

पत्र मिळालं. लई रागावलीस. शब्दांत उत्तर पायजे म्हणालीस, तर हे घे.

मी तुझ्या सांगण्याआधीच सगळं करून बसलोय. जंपर सरकवला. इथला दुकानदार म्हणाला, डिस्क एकटीच असेल तर जंपर पहिल्या जागेवर पायजे, मास्टरवर. बरोबर की न्हाय? तोच दुकानदार पुढं म्हणाला की ही डिस्क आता म्युझियममध्ये द्या, नवी घ्या. मी म्हटलं, नव्या डिस्कवर माझ्या बापानं काढलेला काठ येणार हाय का? ही रुंद पट्टी बसणारा जुना संगणकही मी त्याच्याकडनंच आणला.

पट्टीचं म्हणशील तर माझी वीतभर हाय. एका टोकाला डिस्क बसते. दुसऱ्या टोकाला काहीच न्हाय, नुसत्या तारा. मी त्या सोलून संगणकाच्या पिनांवर टेप लावून बसवल्या. पडद्यावर काही येत न्हाय. एकदा जरासा वास आला, मग बंद केलं.

आक्का, खरं सांगतो. दादानं मुद्दाम केलंय. आप्पांच्या सगळ्या नक्षा काढून घेतल्या आणि मला खोकं दिलं. मी काय वडगावला जाऊन हात पसरणार न्हाय. राणी विचारते, आजोबांचा काठ कधी बघायला मिळणार, तेव्हा मी मागावर जाऊन बसतो.

राणीच्या सासरची मंडळी साडी दुकानातनं घेऊ म्हणाली. मी हो म्हटलं न्हाय अजून.

चूकभूल पोटात घाल, माझ्यावरचा जीव कमी करू नको.

तुझा
केदारी


खानापूर
८ ऑक्टोबर

चि. शिवराजला आशीर्वाद.

तू फोन घेत नाहीस, तर पत्र घ्यावंच लागेल. पोस्टमन तुझ्या ओळखीचा आहे, परत पाठवायची सोय नाही.

केदारीकडची पट्टी वीतभर आहे आणि एका बाजूने तोडलेली आहे. अशी पट्टी कुठल्याही कारखान्यात बनत नाही. तिला तीन तोंडं असतात: एक संगणकाला, बाकीची दोन डिस्कना. मला सरळ सांग, ती कुणी कापली? आणि कापताना तुझ्यासारखा जाणता माणूस शेजारी बसून काय करत होता?

त्याने तारा सोलून टेप लावली आहे. वास आला म्हणतो. डिस्क जळाली असेल तर आप्पांचा शेवटचा काठ गेला, आणि त्याचं पाप तुम्हा दोघांत मी समान वाटून देईन.

थोरल्याने थोरल्यासारखं वागावं एवढाच लोभ.

मंजुश्री


वडगाव
११ ऑक्टोबर, खंडेनवमी

ती. आक्काला शिवराजचा शिरसाष्टांग नमस्कार.

आज माग बंद, पूजा झाली, म्हणून लिहायला सवड मिळाली.

पट्टी मी कापली नाही. वाटणीला रवळूमामा पंच होते. भांडी, सुताच्या पेट्या, मागाचे सुटे भाग सगळं सारखं झालं. मग संगणक आला. डबा माझ्याकडे राहिला, डिस्क दोन होत्या त्या एकेक. पट्टी एकच. केदारी म्हणाला की सगळं दादालाच का, मी म्हणालो घेऊन जा सगळं, मला काही नको. तेव्हा मामांनी मागावरून साडी उतरवतात तशी कात्री घातली आणि म्हणाले, आता कुणाची तक्रार नको. मी बोललो असतो तर वाटणी पुन्हा पहिल्यापासून मांडायला लागली असती. आई आत रडत होती. मी बोललो नाही.

माझ्याकडचा तुकडा मोठा निघाला, त्यामुळे माझी डिस्क चालते. प्रोग्रॅम उघडतो, पण आत एकही नक्षी नाही. मला वाटलं केदारीने जाता जाता सगळं पुसलं. जुन्या नक्षांवर चाललंय, ज्या मागाच्या जॅकार्डमध्ये, नक्षीचे धागे उचलणाऱ्या यंत्रात, आधीच भरलेल्या होत्या. नवीन काही विणता येत नाही. हे मी कुणाला सांगितलं नाही.

राणी माझ्या मांडीवर वाढली. साडी माझ्याच मागावर व्हावी असं मला वाटतं. पण बोलवायला त्याने यावं. त्याच्या पायाला मेंदी लागली आहे का?

तुझी कृपा आहे तोवर आम्ही दोघं तुझ्या धाकात आहोत, तसंच राहू दे.

शिवराज


खानापूर
२७ नोव्हेंबर

चि. राणीस आत्याचे अनेक शुभाशीर्वाद.

तुझा बाप आणि तुझे काका जे सांगतील त्यावर विश्वास ठेवू नकोस. दोघंही स्वतःला शहाणं ठरवून सांगतील. घडलं ते असं.

खंडेनवमीनंतर मी एकच मजकूर दोघांना पाठवला की येत्या रविवारी माझ्या घरी यायचं, शिवराजने डबा आणायचा, केदारीने डिस्क, आणि बोलवायला कुणी यायचं हा प्रश्न आता उरलेला नाही कारण मीच बोलावते आहे. बेळगावात हिंडून मी एक धड पट्टी मिळवली. जुन्या सामानाचं ते दुकान खासबागेत आहे. दुकानदाराने विचारलं की बाई, हे कशाला हवंय. मी सांगितलं, दोन भावांना बांधायला.

दोघं आले. एक सोफ्याच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला. चहा मागितला. मी सांगितलं की डिस्क दिसल्याशिवाय चूल पेटणार नाही.

दोन्ही डिस्क नव्या पट्टीवर लावल्या आणि वीज दिली. पडद्यावर एकही दिसली नाही, शिवराजची चालती होती तीसुद्धा. झालं! केदारी म्हणाला, बघा, माझी जाळलीच. शिवराज म्हणाला, आता माझीही घालवलीस. मी दोघांना गप्प बसवून जंपर बघितले. दोन्ही पहिल्या जागेवर. एका पट्टीवर दोन डिस्क असल्या तर एक पहिली आणि एक दुसरी लावावी लागते, नाहीतर संगणक दोघींनाही ओळखत नाही. केदारीची मूळ दुसरीच होती. दुकानदाराच्या सल्ल्याने त्याने ती पहिली करून ठेवली होती. मी भुवया कोरायच्या चिमट्याने टोपी उचलून जागेवर बसवली. केदारीचं तोंड जरा उतरलं होतं.

मग दिसली. घरघर करत, जुन्या मागासारखी, पण दिसली. तुझ्या बापाची टेप तिला बाधली नव्हती.

आप्पांच्या नावाचा फोल्डर उघडला. आत तुझ्या नावाची नक्षी होती, ती शिवराजच्या प्रोग्रॅममध्ये उघडली. शिवराज म्हणाला, रुद्राक्ष काठ आहे, छान आहे. केदारी खुर्ची ओढून जवळ आला आणि म्हणाला, दादा, नीट बघ, रुद्राक्षाला आरे असतात का? ती सायकलची चाकं होती. एकामागे एक, बारीक आऱ्यांची. तुला आप्पा वडगावच्या शाळेत सायकलच्या दांड्यावर बसवून नेत, ते तुला आठवत असेल. शिवराजने चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. मी चहा ठेवला.

चहा संपायच्या आत दोघांची पुन्हा जुंपली, कुणाच्या मागावर विणायची म्हणून. केदारी म्हणाला, मुलगी माझी. शिवराज म्हणाला, जॅकार्ड माझं. मीच निकाल दिला की माग वडगावचा, आणि सूत केदारीने रंगवून आणायचं. तुझा बाप चार दिवसांसाठी म्हणून वडगावला गेला आणि साडी मागावरून उतरेपर्यंत तिथेच राहिला. तुझ्या काकूने फोनवर सांगितलं की दोघं सकाळपासून रंगावरून भांडतात आणि रात्री एकाच ताटात जेवतात. पंचांना कळवलेलं नाही. त्यांच्याकडे कात्री आहे.

आता काय कुणाकडे दिलं ते लिहून ठेवते, म्हणजे पुढे वाद नको.

शिवराजकडे: संगणकाचा डबा एक. आत दोन्ही डिस्क, एका अखंड पट्टीवर. केदारीची डिस्क केदारीने स्वतः तिथे ठेवली, मी सांगितलं नव्हतं.

केदारीकडे: आप्पांच्या सगळ्या नक्षांची नक्कल, पेन ड्राइव्हवर. वडगावच्या घराची किल्ली एक, शिवराजने दिलेली.

तुझ्याकडे, तुझ्या बापाच्या हाती: साडी एक. रंग जांभळा, काठ सायकलच्या चाकांचा. घडी मोडलेली नाही.

मंजुश्री